शेवटचा बॅकअप : चौदा महिन्यांपूर्वी

एमजी रोडच्या तळघरात उतरताना डोकं सांभाळा
असं मीच खडूनं लिहिलंय भिंतीवर,
तरी गांगुर्डे आपटलेच.
कपाळ चोळत त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन
काउंटरवर ठेवला,
आजारी पोपट ठेवावा तसा.

चालू होतो. कंपनीचं नाव दाखवतो. बंद होतो.
पुन्हा चालू. पुन्हा नाव.
रात्रभर हेच, म्हणाले,
मखमलाबादहून येताना बसमध्येसुद्धा
खिशात उठतोय, नाव सांगतोय, झोपतोय.

पुसावा लागेल, मी म्हटलं. सगळा.
"सगळा म्हणजे?"
म्हणजे कारखान्यातून निघाला तसा.
ते गप्प.
सातपूरला तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस,
कारखान्यातून निघणं म्हणजे काय
ते मी त्यांना सांगायला नको होतं.

बॅकअप?
"नातीनं काहीतरी केलेलं, द्राक्षं उतरायच्या दिवसांत."
पासवर्ड?
पाकिटातून बसचं तिकीट निघालं.
छपाई उडालेली, कुठून कुठे ते गेलेलं,
मागचं पेनाचं तेवढं शाबूत :
नातीचं नाव, जन्मसाल,
आणि शेवटी "ते, जिलबीसारखं."

सापडला. चौदा महिन्यांपूर्वीचा,
मंगळवार, रात्री दोन वाजून अकरा मिनिटं.
मधलं जाईल हं, मी म्हटलं.
"जाऊ द्या. त्यात विशेष काही झालं नाही."
आणि मग पायऱ्यांकडे बघत,
"तसं झालं."

टक्के चढू लागले.
गांगुर्डे त्यांच्याकडे बघत बसले
पुरात लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात तसे :
गुडघे, कंबर,
एक्केचाळीसवर पाणी थांबलं.

शेजारच्या स्टुलावर पंचवटीचे गायधनी,
काच बसवायला आलेले.
"ताई, आमच्या वह्यांना चार्जर लागत नाही.
सात पिढ्या सांगतो, कोण आलं, कुणाला घेऊन आलं."
वाळवी लागते, मी म्हटलं.
हसले. "लागते. पण पुराच्या रात्री
आजोबा बासनं डोक्यावर घेऊन चढ चढले.
तुमच्या त्या क्लाउडला म्हणावं, पळून दाखव."
गांगुर्ड्यांनी मान वर केली.
"आमच्या आईचं नाव असेल का हो तुमच्याकडे?
आषाढात आलो होतो. दोघं भाऊ."
गाव विचारलं, कूळ विचारलं,
"आमच्याकडे नाही, पण असेल," म्हणाले गायधनी,
"कुणाच्या तरी वहीत असेलच."

चहा झाला. काच बसली. गायधनी गेले.

शंभर.

फोन उठला आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.
आषाढ नाही, पाटल्यांची वाटणी नाही.
वरच्या वरच रंगनाथ, ज्याचं नाव
श्रावणात त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं पुसलं होतं,
गोल फोटोत टोपी घालून हसतोय, खाली त्याचा निरोप :
दादा, येताना मोसंबी आण, संत्री नको, तिला आंबट लागतात.

गांगुर्ड्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचलं.
मी स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवले,
जे जागेवरच होते.

सहाला गजर झाला.
पडद्यावर लिहिलेलं : आईची गोळी, अर्धी.
तळघरात आवाज घुमतो. पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.
"हे बंद कसं करायचं?"
आत्तापुरतं की कायमचं, मी विचारलं,
तसंच विचारतात, दोन बटणं असतात.
त्यांचं बोट बराच वेळ दोन्हींच्या मध्ये.
मग, आत्तापुरतं.

तीनशे दिले, सुटे.
चढताना डोकं सांभाळलं.

तिकीट मात्र काउंटरवरच राहिलं.
पासवर्ड असा उघडा टाकू नये, म्हणून फोन लावला.
व्यस्त.
शटर अर्धं ओढून पुन्हा लावला.
व्यस्तच.
तिकीट काचेखाली सरकवलं,
जिलबी वर येईल असं.